राखीव चौकट

समितीची ही चौथी बैठक. आजवर थोरलीच्या वाट्याला तीनच कामं आली होती: नमस्कार करायचा, बिस्किटं खायची आणि शेवटी सही करायची. बौद्धिक अपंगत्वाच्या धोरणावर सरकारला सल्ला देणारी ती समिती बारा जणांची. अकरा जण अशा माणसांबद्दल बोलायचे, आणि थोरली एकटी तशी होती. ठरावाच्या तळाशी एक चौकट तिच्यासाठी राखीव असे. ती रिकामी राहिली तर ठराव पुढे सरकत नसे. हा नियम तिला समितीतल्या कुणी सांगितला नव्हता, धाकट्या बहिणीनं वाचून दाखवला होता.

एरवी थोरली रुग्णालयाच्या चादरींच्या कोठीत कामाला होती. धुऊन आलेल्या गठ्ठ्याची गाठ सोडायची, एकेक चादर उजेडात धरायची, मगच पावतीवर सही. माल फाटका निघाला तर पावतीवर एकच शब्द: ‘परत’. एकदा तिनं न बघता सही केली होती. वरच्या दोन चादरी धड, खालच्या चौदा चिंध्या! तेव्हापासून तिनं असा काही धडा घेतला, की धुलाईचा ठेकेदार तिला ‘फौजदार’ म्हणू लागला.

आज सहावा विषय होता ‘निवासव्यवस्थेचे सुसूत्रीकरण’. बेचाळीस पानं. सोप्या भाषेतली तिची प्रत याही वेळी ‘छपाईला गेली’ होती.

“म्हणजे काय?” तिनं विचारलं.

“तुमचीच सोय,” अध्यक्ष हसून म्हणाले. “करा सही.”

“आधी गठ्ठा सोडा.”

“काय?”

“आत काय आहे ते दाखवा. मग सही.”

सोबतीला आलेली धाकटी मागच्या खुर्चीवरून कुजबुजली, “ताई, गप्प बस ना! पुढच्या वेळी बोलावणार नाहीत.”

“नाही तर नाही. बिस्किटं तशीही मऊ पडलेली असतात.”

कुणीतरी खुदकन हसलं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि सचिवबाईंना खूण केली. “सांगा यांना थोडक्यात.”

सचिवबाई मान वर न करता म्हणाल्या, “चार-चार जणांची घरं बंद होणार. सगळ्यांना गावाबाहेर एकाच इमारतीत ठेवणार. दोनशे खाटा.”

“माझंही घर?”

“हो.”

थोरलीचा हात खिशातल्या किल्लीवर गेला. त्या घरात ती आणि तिच्या तिघी मैत्रिणी नऊ वर्षं राहत होत्या, भांडून, रुसून, पण आपल्या मर्जीनं.

“तिथं दाराची किल्ली कोणाकडे?”

“व्यवस्थापनाकडे.”

“आणि आंघोळ?”

“वेळापत्रक असेल.”

“साहेब, तुमच्या आंघोळीला आहे का वेळापत्रक?”

अध्यक्षांचा चेहरा उतरला. “हे बघा, हा विषय तुम्हाला कळायला जरा अवघड आहे.”

“कळत नव्हतं तेव्हा तीन सह्या केल्या, तेव्हा कुणी अडवलं नाही. आज कळलं, तर अवघड झालं?”

थोरलीनं पेनचं टोपण काढलं, तसा अध्यक्षांच्या जिवात जीव आला. तिनं चौकटीत ठळक, सुटी अक्षरं काढली: ‘परत’.

“अहो, ही सही नाही!”

“नाहीच. फाटक्या मालावर मी सही करत नाही.” तिनं कागद त्यांच्यापुढे सरकवला. “आता मागचे तिन्ही ठराव काढा. तेही गठ्ठे सोडायचे राहिलेत.”

मागे फरशीवर काहीतरी खरखरलं. धाकटी आपली खुर्ची ओढत टेबलापाशी आणत होती.