शीतगृहातला घेवडा

घेवड्याच्या दाण्याला फुटलेला मोड पट्टीवर बरोबर चौदा मिलिमीटर भरला. टोकाशी तो किंचित डावीकडे वळला होता. भाचीने नोंद केली आणि दुसरा दाणा उचलला, मग तिसरा. उगवण चाचणीच्या ट्रेमधल्या ओल्या कागदावर एकही दाणा कुजला नव्हता.

बियाण्यांच्या शीतगृहाची ती प्रमुख, वागणं मोजूनमापून. आज मात्र शेवटची नोंद होताच तिने व्हरांड्यात चक्क गिरकी घेतली. हा जांभळ्या ठिपक्यांचा घेवडा आता कुणाच्याच शेतात उरला नव्हता. होता तो फक्त तिच्या एका बरणीत, उणे अठरा अंशांत. आत्याने परसातलं शेवटचं बियाणं तिच्या हवाली केलं होतं, आणि दर वर्षी येऊन ती विचारायची, पेरणार कधी? पीक बुडालं तर वाणच संपायचा, या धास्तीने भाची दर वर्षी म्हणायची, पुढच्या वर्षी. त्यावर आत्या म्हणायची, मग तोवर माझे उरलेले दातही बरणीत घालून ठेव.

फुटलेले मोड दाखवायला भाची शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याला ओढत घेऊन आली, तर ट्रे रिकामा. आणि चहाच्या खोलीतून वाफ येत होती.

यंदाही विचारायला आलेली आत्या शेगडीसमोर स्टुलावर बसली होती. चाचणी झालेले मोड टाकून देतात, हे भाचीनेच तिला कधीतरी सांगितलं होतं.

"टाकायचेच होते ना? मग माझं तोंड काय उकिरड्याहून वाईट?"

नोंदी झाल्या होत्या, नुकसान काहीच नव्हतं. भाचीला जे हसू फुटलं ते थांबेचना. सहकाऱ्याने मिठासाठी अख्खं कपाट पालथं घातलं. चमचा एकच सापडला. दाणे शिजेपर्यंत तिघंही झाकण उघडून उघडून आत डोकावत होती.

पहिला घास आत्याचा. तिने डोळे मिटले. एवढ्या थंडीत चव गेली असली तर, म्हणून भाची पुढे वाकून तिचं तोंड न्याहाळू लागली. आत्याने दुसरा घास घेतला, मग तिसरा. चमचा कुणाला देईचना. शेवटी सहकाऱ्याने तो जवळजवळ हिसकावला. मग भाचीची पाळी. दाणा लोण्यासारखा विरघळला आणि मागून भाजलेल्या शेंगदाण्याची चव आली. बाजारातला घेवडा याच्यापुढे निव्वळ पुठ्ठा होता.

पातेलं रिकामं झालं, तरी आत्या तळ खरवडत राहिली. सहकाऱ्याने हळूच विचारलं, अजून आहे का?

भाचीने शीतगृहाच्या दाराकडे पाहिलं.

"आत्या, अर्धी बरणी यंदा पेरायची."