मला हरवणाऱ्याचा सत्कार

मी खोपोलीच्या बाजारातलं मारामारीच्या खेळाचं मशीन बोलतोय. मशीन म्हणवून घ्यायची आता लाज वाटते. पोटातला बोर्ड कधीच काढून नेला, पडद्यात जीव नाही, आणि कळंबच्या या गोठ्यात पेंढ्याच्या भाऱ्यांमागे उभं राहून दिवस मोजायचे एवढंच काम उरलंय. उंदरांनी तारा खाल्ल्या. बोलणं तेवढं खाल्लं नाही, म्हणून सांगतो.

माझा जन्म मुंबईतल्या एका गाळ्यात झाला. सुताराने प्लायवूडचं खोकं ठोकलं, वरून लाल सनमायका चिकटवला, पडदा एका जुन्या टीव्हीचा बसवला. बोर्ड परदेशातून बोटीने आलेला, तोही कुणीतरी वापरून टाकलेला. डोकं एकाचं, धड दुसऱ्याचं, तरी माझी ऐट बघण्यासारखी होती. डावीकडे फिरवायचा दांडा, उजवीकडे दोन बटणं. एक ठोशाचं, एक लाथेचं.

सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात रामभाऊंनी मला टेंपोत घालून घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला आणलं. त्या गाळ्यात आधी त्यांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. सायकली गेल्या आणि मी आलो. रामभाऊ मनाने वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मला त्यांच्याबद्दल बरंच वाईट बोलायचंय. त्यांना एकच सोस होता, भाषणाचा. बारसं असो, कुणाची बदली असो, कुणाचा मुलगा मॅट्रिक झालेला असो, रामभाऊ एकदा उभे राहिले की खाली बसायचं नाव नाही.

माझ्या पोटात पैलवान होते. एकेक करून ते खेळणाऱ्यासमोर यायचे. पहिला टकल्या, मग कोयतेवाला, मग छत्री फिरवणारी एक बाई, आणि असं करत सगळ्यांत शेवटी काळ्या कपड्यांतला एक उंच गडी. त्याला बाजारात सगळे कंसमामा म्हणायचे. कंसमामापर्यंत पोचणारे थोडे, आणि त्याला हरवलेला तर कुणीच नव्हता.

माझ्यापुढे उभं राहिलं की माणूस कळतो. जिंकला की तो स्वतःच्या करामतीने जिंकतो आणि हरला की माझं बटण बिघडलेलं असतं. नाचता येईना अंगण वाकडं. बँकेतला एक कारकून तर टकल्याकडून मार खाल्ला की मला खालून बूट मारायचा. त्याचे वळ अजून माझ्या सनमायकावर आहेत.

त्या पावसाळ्यात चंदर आला. तिशीचा गडी, गावाजवळच्या एका कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर कामाला होता. उन्हाळ्यात प्रेसखाली त्याचा उजवा हात सापडला होता. डॉक्टरांनी बोटं वाचवली, पण ती वाकायची बंद झाली. लांबून बघावं तर हात धडधाकट, आणि त्या हाताने बिचाऱ्याला पाण्याचा तांब्या उचलता येत नव्हता.

कारखान्यात एक रीत होती. कामावर ज्याचा हात-पाय अधू झाला, त्याला गेटवरच्या पहाऱ्याची खुर्ची द्यायची. खुर्चीवर तेव्हा धर्माजी नावाचे म्हातारे बसायचे आणि ते दिवाळीला घरी बसणार होते. त्यांच्यामागे खुर्ची तुझीच, असं चंदरला साहेबांनी सांगितलं होतं. कागदावर नाही, तोंडी. दिवाळीपर्यंत त्याने नुसतं थांबायचं होतं, आणि माणसाला सगळ्यांत अवघड काही असेल तर ते नुसतं थांबणं.

सुरुवातीला तो मागे उभा राहून नुसता बघायचा. लोक खेळणाऱ्याकडे बघतात, हा माझ्या पैलवानांकडे बघायचा. आमच्या लोकांचं एक आहे, ते आपली चाल बदलत नाहीत. टकल्या थोडा पुढे येणार, बिचकल्यासारखा मागे होणार आणि मग उडी घेणार. आज तसंच, उद्याही तसंच. छत्रीवाली छत्री मिटली की हमखास डावीकडून यायची. चंदरला हे सगळं पाठ झालं तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्यावर हात ठेवला.

त्याचं खेळणं बघून आधी सगळे हसले. डाव्या हाताने दांडा खाली ओढून तो आपला माणूस बसवून ठेवायचा. उजव्या हाताची बोटं हवेत ताठ. मनगट लाथेच्या बटणावर टेकवायचं आणि समोरचा जवळ आला की अंगाचा भार द्यायचा. ठोशाचं बटण त्याने जन्मात दाबलं नाही. बसायचं, वाट बघायची, एक लाथ. त्याच्याइतकं शांत माझ्याशी कुणी खेळलं नाही. मला हरवायचा तरी तो मला आवडायचा, आणि हे मी दुसऱ्या कुणाबद्दल म्हणणार नाही.

एकदा त्याची बायको गौराबाई त्याला शोधत गाळ्याच्या दारात आली. डोक्यावर भाजीची पाटी होती.

"हितं हायसा व्हय? साऱ्या बाजारात इचारत आले."

"घरी बसून काय करू गं? भिंती बघू?"

"भिंती बघा. हात गळ्यात बांधून वट्यावर बसा, चार लोकान्ला दिसू द्या. हितं बटनं दाबताव म्हनून कुनी कारखान्यात सांगितलं म्हंजे?"

"खेळ हाय गं ह्यो. मनगटानं दाबतो, बोटं कुटं लागतात?"

"त्ये तुमाला ठावं. बघनाऱ्याला ठावं नाय."

सगळे हसले. चंदरही हसला. मलाही वाटलं, बाई जरा किरकिरी दिसते. त्या सगळ्या गाळ्यात अक्कल असलेलं माणूस तेवढं एकच होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

नवरात्रात चंदरने कंसमामाला लोळवलं. गाळ्यात असा गलका झाला की शेजारच्या हॉटेलातली माणसं कपबशा हातात घेऊन धावत आली. पोरांनी 'उस्ताद, उस्ताद' करत चंदरला खांद्यावर घेतलं. रामभाऊंनी त्याला मिठी मारली आणि तिथल्या तिथे जाहीर केलं, "खंडेनवमीला चंदरचा सत्कार."

खंडेनवमीला आम्हा यंत्रांची पूजा असते. दळणाची गिरणी असो नाहीतर शिवणाचं मशीन, त्या दिवशी त्याला धुऊनपुसून हार घालतात. मला पूजा मिळणार म्हणून मी खुशीत होतो. रामभाऊंना मात्र वेगळीच चिंता लागली. सत्कार म्हटला की प्रमुख पाहुणे हवेत. पाहुण्याशिवाय सत्कार म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. आणि पाहुणा तर वजनदार पाहिजे. विचार करून करून त्यांनी नाव काढलं ते चंदरच्याच कारखान्यातल्या लेबर ऑफिसरसाहेबांचं. त्या दिवशी कारखान्यातही पूजा, साहेब इस्त्रीच्या कपड्यांत असणार, येता येता इकडे येतील.

ज्या साहेबाने हा हात अधू म्हणून खुर्ची द्यायची, त्यालाच या हाताचं कौतुक करायला बोलावलं. अख्ख्या बाजारात एकालाही यात काही चुकतंय असं वाटलं नाही. चंदर तर हरखून गेला. "सायेब माज्यासाटी येनार?" असं त्याने दोनदा विचारलं. गौराबाई सत्काराला आली नाही.

साहेब आले. मला झेंडूचा हार होता, काचेवर हळदकुंकवाची बोटं ओढलेली. चंदरने साहेबांसमोर खेळून दाखवलं. टकल्यापासून कंसमामापर्यंत एकालाही टिकू दिलं नाही. मग रामभाऊ उभे राहिले.

"मंडळी, लोक म्हनतात चंदरचा हात गेला. कुटं गेला? मला तर दिसतो. आरं, ज्याला हात हायत त्यांना जमलं नाय ते यानं करून दाखवलं. या हाताला काय बी झालेलं नाय. प्रेसनं दाबला, पन हात जसाच्या तसा. पंचक्रोशीत असा हात दुसरा नाय, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो."

टाळ्या पडल्या. साहेबांनी शाल घातली, नारळ दिला. शालीखाली चंदरची बोटं झाकली गेली आणि त्याने नारळ डाव्या हाताने छातीशी धरला. साहेब म्हणाले, "असेच हात आमच्या कारखान्याला हवेत." पुन्हा टाळ्या. चंदरचे डोळे भरून आले होते. त्याला वाटलं, खुर्ची आली.

दिवाळी झाली. गेटवरच्या खुर्चीवर साहेबांच्या ओळखीचा एक धडधाकट माणूस बसला. चंदरला निरोप आला, हात बरा झालाय, प्रेसवर हजर व्हा.

तो धावत रामभाऊंकडे आला. मी समोरच होतो, सगळं ऐकलं.

"भाऊ, तुमी एकदा चला माज्यासंगं. सायबांना सांगा, त्ये आपलं सत्काराचं बोलनं व्हतं म्हनून."

रामभाऊ पानाला चुना लावत होते. त्यांचा हात थांबला.

"म्हंजे मी खोटं बोललो असं सांगू?"

"खोटं नाय वो. कवतिकानं बोलला तुमी."

"चारचौघांत बोललेला शब्द हाय, चंदर. उद्या गावात मला कोन उभं राहू देईल? तू असं कर, तूच सायबांना हितं आन. त्यांच्या डोळ्यांदेखत हात दाखव. मानूस समजूतदार हाय."

माझ्या टकल्याने कधी कुणाला फसवलं नाही. उडी मारणार तर मारायचाच. या माणसांची चाल कुठल्या दांड्याने ओळखायची?

साहेब आले, हेही खरं. संध्याकाळी जाता जाता आले आणि बुटांनिशी उंबऱ्यातच उभे राहिले. गाळा भरला. चंदर माझ्यापुढे आला आणि त्या दिवशी त्याने मनगट टेकवलं नाही. इतरांसारखी बोटं बटणांवर ठेवली. त्याला दाखवायचं होतं की कामाला हात लागतो तो असा, आणि तो असा चालत नाही. त्याने बोटांना जोर लावला. बोटं जागची हलली नाहीत. कपाळावर घाम आला. टकल्या पुढे आला, बिचकल्यासारखा मागे झाला, आणि त्याने उडी घेतली.

मला त्याला थांबवता आलं नाही. देवाशपथ सांगतो, त्या वेळी वीज जावी असं मला वाटलं. पावरहाउस उशाला असलेल्या त्या गावात एरवी दिवसातून कितीदा जायची, तेव्हा गेली नाही. टकल्याने चंदरला मारलं, पुन्हा मारलं. चंदर खरंच हरत होता आणि त्याला खरंच हरायचंच होतं. मागून कुणीतरी फिसकन हसलं. "काय नाटक करतोय!" मग सगळेच हसले. त्यात तेही होते, ज्यांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं.

साहेब म्हणाले, "त्या दिवशी सगळ्यांना लोळवणारा कोण होता मग?"

"सायेब, त्ये मनगटानं दाबत व्हतो. बोटं नाय लावली मी."

"मग प्रेससुद्धा मनगटाने चालव की."

भाषणबहाद्दर रामभाऊ गल्ल्यावर बसून सुटे पैसे मोजत होते.

चंदर प्रेसवर गेला. पत्रा त्याच्या हातून निसटायचा, माल बिघडायचा. मुद्दाम करतो, असा शेरा बसला आणि थोड्याच दिवसांत त्याला काढून टाकलं. तो परत माझ्याकडे आला नाही. लोक काही दिवस त्याच्यासारखं मनगट टेकवून खेळायचे, नक्कल म्हणून. मी त्यातल्या एकालाही सुखाने जिंकू दिलं नाही असं म्हणायला मला आवडलं असतं. पण माझे पैलवान चाल बदलत नव्हते, लोक जिंकत होते.

पुढे बाजारात व्हिडिओ कॅसेटचं वेड आलं आणि माझ्यापुढची गर्दी सरली. रामभाऊंनी बोर्ड विकला आणि रिकामं खोकं इथे कळंबला, आपला मेहुणा कान्हा याच्या गोठ्यात आणून टाकलं.

यंदा भातकापणीला कान्हाकडे बाहेरून मजूर आले. त्यांत चंदर होता. गौराबाईही होती. मी त्याला लगेच ओळखलं. उजव्या हाताला पंचा गुंडाळलेला, जणू घाम पुसायला घेतलाय. डोक्यावरून भारे आणायचं काम तो करत होता. भारा उचलून द्यायला दर वेळी गौराबाई त्याच्याजवळ असायची. पेंढा टाकायला तो गोठ्यात आला, मला पाहिलं आणि थबकला.

मागून कान्हा आला. "मेव्हन्याचं मशीन हाय त्ये. खोपोलीत कुनी एक गडी व्हता म्हनं, साऱ्यांना लोळवायचा. हात मोडका व्हता का चांगला, यावरनं लई बोभाटा झालेला. तू तिकडचाच ना रं? वळखत व्हतास त्याला?"

चंदरने पंचा जरा घट्ट केला. "नाय," तो म्हणाला, "म्या नाय बघितला कधी."

"बरं. उद्यापास्नं झोडनीला उभा रहा. भारं वाहायला बाया हायत."

गौराबाई दारातून नवऱ्याकडे बघत राहिली. झोडणीला पेंडी दोन्ही मुठींत आवळून धरावी लागते. चंदर म्हणाला, "व्हय, र्‍हातो की."

तिकडे अधू हात कुणाला पटवता आला नाही म्हणून त्याचं काम गेलं. इथे तोच हात अधू आहे हे कळलं तर काम जाईल. मी आजवर कुणाकडे काही मागितलं नाही, ना तेल, ना फडकं. एवढं एक मागतो. मी सांगितलं ते ऐकलंत, ते पोटात ठेवा. भाताच्या दिवसांत कधी कळंबला आलात आणि खळ्यावर हाताला पंचा बांधलेला माणूस दिसला, तर त्याला उस्ताद म्हणू नका, आणि हाताचं काय झालं तेही विचारू नका. तो खाली बघून काम करत असेल, त्याला करू द्या.