माझ्या कानांतले चंदन

मित्रांनो, मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत राहते. माझे अंग फणसाच्या लाकडाचे. इथल्या वीणाही त्याच लाकडाच्या, म्हणून मी स्वतःला वीणेची धाकटी बहीण समजते. वीणा काय समजते, ते मी कधी विचारलेले नाही.

१९७२ साली रघोजींनी मला घडवले. लाकूड एका वीणा करणाऱ्याकडे उरलेले होते. पिकअप त्यांच्या मित्राने, सूर्यनारायणने, गुंडाळून दिले. तो शेतावरच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करतो. पिकअप म्हणजे माझे कान. लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घालायचे. वरची तार थरथरली की खालच्या कानाला ते कळते आणि स्पीकर बोलू लागतो. मला असे दोन कान आहेत. मानेजवळचा गोड आणि भरदार, तारा टेकतात त्या घोडीजवळचा खणखणीत. एक दांडी सरकवली की हवा तो निवडता येतो. हल्लीच्या गिटारींना बटणेच बटणे असतात, पण मला याहून जास्त कधी लागले नाही.

रघोजींबरोबर मी पार पापनाशमपर्यंत गावोगावच्या उत्सवांत वाजले. टाळ्या घेतल्या, शिट्ट्याही घेतल्या. मग त्यांना दिल्लीला नोकरी लागली आणि मी त्यांच्या धाकट्या भावाच्या, बाळकृष्णरावांच्या, घरी कपाटावर जाऊन पडले. पंधरा वर्षे! पालींनी माझ्यावर अंडी घातली, तरी कोणी चौकशी केली नाही.

पुढे गल्लीतल्या छपरांवर केबलच्या तारा आल्या. टीव्हीवर गिटार पाहून बाळकृष्णरावांच्या मुलीला, विनुताला, माझी आठवण झाली. तिने मला पुसले, नव्या तारा चढवल्या आणि वर्षभर बोटे सोलवटून घेतली. तिच्यावर माझा जीव जडला. पण माझ्यात एक खोड आहे. ट्यूबलाइटखाली माझे कान ‘घूं’ करतात. बाळकृष्णरावांना तेवढेच ऐकू येई.

“दिवा मालवला तर आवाज जातो, अप्पा,” विनुता सांगे.

“एका फळीसाठीं घर काळोखांत ठेवूं काय?” ते म्हणत. शेवटी त्यांनी सांगून टाकले, “विजयादशमीला वाजवून दाखीव. नीट वाजली तर राहूं दे. नाहींतर तिरुचीच्या दुकानांत देऊन नवी आणूं.”

विनुता रात्रंदिवस सराव करू लागली. मला तर धडकीच भरली होती.

आदल्या दिवशी सरस्वतीपूजा होती. बाळकृष्णरावांची थोरली बहीण शेषम्मा मला नेहमी ‘ती फळी’च म्हणे. पण त्या दिवशी तिने मला नवरात्रात मांडलेल्या बाहुल्यांच्या पायऱ्यांसमोर चक्क वीणेशेजारी बसवले. माझ्या दोन्ही कानांवर मिळून बारा स्क्रू आहेत. त्या प्रत्येकावर तिने ओल्या चंदनाचा ठिपका लावला, वर कुंकू. दांडीलाही सोडले नाही. गार पाणी आत झिरपत होते, पण मी अभिमानाने इतकी फुगले होते की मला त्याचे काहीच वाटले नाही. त्या दिवशी वाद्याला हात लावायचा नसतो. चंदन रात्रभर सावकाश वाळले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सगळे बसले. विनुताने तार छेडली. आवाजच नाही! ‘घूं’सुद्धा नाही.

“झालं,” बाळकृष्णराव म्हणाले. “उद्यां तिरुची.”

विनुताच्या डोळ्यांत पाणी आले. इतक्यात शेषम्मा प्रसादाच्या उसळीची, सुंडलची, वाटी घेऊन आली आणि माझे पांढरे झालेले तोंड पाहून थबकली.

“अय्यो! बाळू, मींच लाविलं तें. पोरीस बोलूं नको. गिटारीचा काय दोष? आधीं सूर्यनारायणाला बोलीव.”

मित्रांनो, तिने मला पहिल्यांदाच गिटार म्हटले. पण आनंद करायची ती वेळ नव्हती. माझ्या कानांतली ती बारीक तार ओलीने तुटली असेल, तर मी कायमची मुकी होणार होते.

सूर्यनारायण काट्याचा मीटर घेऊन आला. मला उघडून त्याने एका कानाला वायरी लावल्या. काटा हलला. दुसऱ्याला लावल्या. तोही हलला.

“जीव आहे,” तो म्हणाला.

हुश्श! मला इतके हायसे वाटले की रडू येणाऱ्यांतली मी असते तर रडलेच असते. दांडीखालच्या पत्र्यांमध्ये चंदन वाळून बसले होते आणि ते एकमेकांना टेकत नव्हते, एवढेच. पेट्रोलचा बोळा फिरवून त्याने ते काढले. त्याच्या पक्कडीलाही चंदन लावलेले होते, पण मुठीवर.

“अम्मा, पूजा मुठीला करायची,” तो हसून म्हणाला, “तोंडाला नाहीं.”

विनुताने पुन्हा तार छेडली. मी बोलले! आणि पाठोपाठ माझे ते मेले ‘घूं’. सगळे बाळकृष्णरावांकडे पाहू लागले. ते उठले. भिंतीजवळ गेले आणि त्यांनी ट्यूबलाइट मालवला. समईच्या उजेडात परत येऊन बसले.

“वाजीव आतां,” ते म्हणाले.

मी अजून याच घरात आहे. दर वर्षी शेषम्मा माझ्या पाठीवर एकच ठिपका लावते आणि लगेच पदराला हात पुसते. मित्रांनो, जुन्या वस्तूंना जीव लावा. त्या अचानक गप्प झाल्या तर टाकण्याआधी एकदा उघडून पाहा. आणि चंदन मला फार आवडते बरे का, फक्त कान तेवढे कोरडे ठेवा.