मी गप्प केलेला ब्रेक

मित्रांनो, मी एक तेलाची कुप्पी आहे. जुनी, पत्र्याची. बुडाला अंगठा दाबला की ‘टक्’ करते आणि चोचीतून एक थेंब सोडते. तुम्ही शाळेत पुस्तकाचं मनोगत लिहिता, छत्रीचं लिहिता, फाटक्या चपलेचंही लिहिता. तेलाच्या कुप्पीचं कोणी लिहीत नाही, कारण ते परीक्षेत येत नाही. ते बरंच आहे. बाकीच्या वस्तूंच्या मनोगतात चूक नेहमी माणसांची असते. माझ्या गोष्टीत थोडी माझीही आहे.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते सांगता येत नाही. बुडावर नाव होतं, ते अंगठ्यांनी पुसलं. मला समज आली तेव्हा मी केनवडच्या बाजाराच्या तोंडाशी धनराजच्या सायकल दुकानात, फळीवर पान्यांच्या शेजारी उभी होते. दुकान म्हणजे चार टिनपत्रे, एक पंप, पंक्चर पाहायचं पाण्याचं घमेलं आणि धनराज. धनराजने तरुणपणी अकोल्यात मोटारसायकलीच्या गॅरेजात दोन वर्षं काढली होती. त्यामुळे त्याला चाकाचं सगळं कळायचं. फक्त आपल्याला कळतं हे लोकांच्या गळी उतरवणं त्याला जमत नसे. एकदा सांगायचा. ऐकलं तर ठीक, नाही तर तोंड फिरवून सुपारी कातरत बसायचा.

माझं काम सोपं होतं. चेन कुरकुरली की दोन थेंब. पायडल कण्हलं की एक. शेजारची विमलबाई शिलाई मशीनसाठी मला मागून न्यायची, चक्कीवाला दाराच्या बिजागरीसाठी न्यायचा. जिथे जाईन तिथे आवाज बंद. लोक म्हणत, “या कुप्पीच्या हाताले गुण हाये.” मला हात नाहीत, पण कौतुकात एवढं चालतं. वीस वर्षं हे ऐकून माझी अशी समजूत झाली की जगात जे जे वाजतं ते आजारी आहे आणि त्याचं औषध माझ्या पोटात आहे.

पुढे घरोघरी मोटारसायकली आल्या. धनराजकडे कामं कमी झाली, मी फळीच्या कोपऱ्यात सरकले. माझ्या चोचीवर कोळ्याने घर केलं. मी ते मोडलं नाही. निदान कोणीतरी राहत होतं.

मग गेअरवाले आले.

दर रविवारी सकाळी रिसोडहून दहा-बारा जण जाड टायरच्या सायकलींवर यायचे. केनवडच्या मागे मुरमाचं एक टेकाड आहे. त्याच्यावरून बंद पडलेल्या गिट्टीखदानीकडे एक वाट उतरते. गुराख्यांनी ती दोन पिढ्या वापरली, पण तिला इंग्रजी नाव नसल्यामुळे ती कोणाच्या लक्षात आली नव्हती. या मंडळींनी तिला ‘ट्रेल’ म्हटलं आणि ती एकदम प्रेक्षणीय झाली.

मंडळींचे पुढारी रविकांत सर. शाळेत भूगोल शिकवायचे आणि मोबाइलवरच्या गटाचे अ‍ॅडमिन होते. दुसरे गणेशभाऊ, कृषी केंद्रवाले. त्यांच्या सायकलीवर दोन दिवे, तीन बाटल्या, आरसा, भोंगा आणि मोबाइलचा स्टँड होता. चढ आला की ते उतरून सायकल ढकलत नेत. एवढ्या सामानाला धक्का नको म्हणून.

टेकाडावर जायच्या आधी सगळे धनराजकडे हवा भरायला थांबत. हवा दोन मिनिटांत भरून व्हायची, सल्ले तासभर चालायचे.

“गणेशभाऊ, मांड्या सोलपटून राह्यल्या ना बाप्पा.”

“गादीवाली चड्डी घेतली नाही का अजून? लिंक टाकतो.”

“आन् घरचा कुकर शिटी नाही देऊन राह्यला.”

“रिंग बदला. आन् ते साधं तेल सोडा आता, मेण घ्या.”

“कुकरले?”

“चेनले हो!”

धनराज हे ऐकत घमेल्यात ट्यूब बुडवत बसायचा. एकदा गणेशभाऊंनी त्यालाही गटात घेतलं. कोणी लिहिलं, गेअर अडकतो, की सतरा जण सतरा लिंका टाकत. धनराज टाकायचा, “घेऊन या, पाह्यतो.” पंक्चर असो, हँडल असो, उत्तर तेच. दोन आठवड्यांनी सरांनी त्याला गटातून काढलं. चर्चेत भर पडत नाही, असं कारण दिलं. त्या दिवशी धनराजने बरीच सुपारी कातरली.

या सगळ्यांत काहीही विकत न घेणारी एकटी निकिता होती. शेजारच्या तांड्याकडल्या वस्तीवरच्या बबनराव आणि गोजराबाईची पोरगी. गणेशभाऊंनी नवी सायकल घेतली तेव्हा त्यांची जुनी हिच्याकडे आली. चढावर निकिता सगळ्यांच्या पुढे असायची. सर मागून दम खात म्हणायचे, “वजन कमी आहे ना तिचं.”

पुढच्या रविवारी अकोल्यात अठरा वर्षांखालच्या मुलींची निवड चाचणी होती. निवडलेल्या मुलींना पुण्याला ठेवून शिकवणार होते. राहणं, जेवण, सायकल, सगळं तिकडून. निकिताला पुढच्या महिन्यात अठरा पूर्ण होत होती, म्हणजे हीच पहिली आणि हीच शेवटची चाचणी. बबनराव बोलले ते माझ्यासमोरच, हवा भरताना. “निवड झाली तं जाय पुण्याले, मी आडवा येत नाही. नाही झाली तं मंग पाहुणे तुले पाह्याले येतीन तवा तोंड वाकडं करजो नोको.”

निकिता पंप मारत होती. म्हणाली, “होईन.”

चाचणीच्या आदल्या रविवारी तिचा ब्रेक ओरडत होता. या नव्या सायकलींना चाकाच्या मधोमध एक पातळ चकती असते. ब्रेक दाबला की दोन गुटके तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. ती चिमटी अशी किंचाळत होती की बाजारातली कुत्री उठून उभी राहिली. निकिताने आदल्या दिवशीच गटात विचारलं होतं. सतरा सल्ले आले होते. त्यातले बहुतेक काहीतरी विकत घ्या असे होते. सरांचा फुकटातला होता, तेल सोड. त्यालाच सगळ्यांनी पसंतीचे अंगठे दिले होते.

“काका, पाहा बरं,” निकिता म्हणाली.

धनराजने चाक फिरवलं, ब्रेक दाबला, कान दिला. “गुटके काचेवानी चकचकीत झाले. काढून पॉलिश पेपरवर घासा लागतीन. अर्धा तास दे मले. नाही तं तसाच वाजू दे आज. वाजते, पण धरते. तेल मात्र लावजो नोको. चकतीले तेल लागलं का ब्रेक गेला.”

“अरे धनराज, ऊन चढतं तोवर,” सर म्हणाले. “घासलं की वाजतं, तेल दिलं की थांबतं. पाचवीच्या विज्ञानात आहे.”

“तुमी तं भूगोल शिकवता ना, सर?”

सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी मोबाइल पुढे केला. “हा व्हिडिओ पाह्य. चाळीस लाख लोकांनी पाह्यला. तुह्यं किती जणांनी पाह्यलं?”

आता सगळे अजून मोठ्याने हसले. व्हिडिओ चेनला तेल देण्याचा होता, पण तेवढ्यापर्यंत कोणी पाहिला नाही.

“करा मंग तुमच्या मनानं,” धनराज म्हणाला. त्याने मला फळीवर ठेवलं आणि समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेला. बाकाची आमच्याकडे तोंड असलेली जागा मोकळी होती. तो पाठ करून बसला.

सरांनी मला उचललं. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. किती तरी महिन्यांनी कोणी मला काम सांगत होतं. कोळ्याचं घर पुसलं गेलं, मी ‘टक् टक्’ केलं आणि पुढच्या चकतीवर चार थेंब सोडले.

“मांगच्यालेही सोडा ना सर,” गणेशभाऊ म्हणाले, “तेल काय आपल्या घरचं हाये?”

मागच्यावरही चार.

ब्रेक दाबला. एकदम शांत. टाळ्या झाल्या. गणेशभाऊंनी माझा फोटो काढून गटात टाकला. माझा आयुष्यातला पहिला फोटो.

“सर, धरते ना पण?” निकिताने विचारलं.

सरांनी चाक हाताने फिरवलं आणि ब्रेक दाबून थांबवलं. “हे बघ. थांबलं की नाही?”

हाताने फिरवलेलं चाक फुंकरीनेही थांबतं. पण मी त्या वेळी कौतुकात होते.

मंडळी निघाली. धनराज चहा संपवून आला. बाजार संपतो तिथे रस्त्यावर उंचवटा आहे, तिथे प्रत्येक जण ब्रेक मारतो. तो कान देऊन उभा राहिला. काहीच ऐकू आलं नाही.

“वाजला नाही काहून?” तो स्वतःशीच म्हणाला. मग त्याने मला उचललं आणि माझी ओली चोच पाहिली. त्याने मला खिशात कोंबलं, गिऱ्हाइकाची उभी असलेली सायकल उचलली आणि टेकाडाकडे सुटला. त्याला असा पळताना मी कधी पाहिलं नव्हतं.

आम्ही खाली पोचलो तेव्हा ती वर होती. नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या पुढे.

“निकिते, थांब व! उतरू नोको!” धनराज ओरडला. वर वारा होता. तिने हात हलवला. तिला वाटलं काका शाबासकी द्यायला आले.

पहिल्या वळणावर तिने दोन्ही ब्रेक आवळले. मला खिशाच्या तोंडातून नीट दिसत नव्हतं, फक्त मुरमाचा आवाज येत होता, आणि त्यात ब्रेकचा आवाज नव्हता. दुसऱ्या वळणावर बकऱ्या होत्या. तिने बकऱ्यांना वाचवायला सायकल गिट्टीच्या ढिगावर घातली.

ती ढिगावर पडलेली, खांदा धरून, तोंडातून आवाज न काढता. भोवती मंडळी गोळा झाली. पहिलं वाक्य सरांचं होतं. “हेल्मेट कोणत्या कंपनीचं आहे?”

“म्या मांगच्या रविवारीच सांगतलं होतं,” दुसरा कोणी म्हणाला, “उतारावर बूड मांगं घ्या लागते.”

धनराजने आणि गणेशभाऊंनी तिला उचलून बाजारातून बोलावलेल्या टेम्पोत घातलं. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले. अकोल्याची चाचणी सात दिवसांवर होती.

त्या दुपारी गटातले सल्ले एक एक करून नाहीसे झाले. निकिताने नंतर मोबाइल दाखवला. ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ अशा सतरा ओळी एकाखाली एक उभ्या होत्या, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या असाव्यात तशा. माझा फोटो मात्र राहिला. त्याखाली लिहिलं होतं, धनराजच्या दुकानातलं तेल.

म्हणून गोजराबाई सरांकडे गेली नाही. दुकानात आली. “धनराजभाऊ, तुमच्या तेलानं माह्या पोरीचं हाड मोडलं. जलम गेला तुमचा या धंद्यात, तेल कुठीसा सोडा लागते हेही नाही समजत?”

धनराजने सुपारी खाली ठेवली. “चुकलं, वयनी,” एवढंच म्हणाला. मला तेव्हा वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस.

सर मंडळींसह निकिताला भेटून आले. नवं हेल्मेट दिलं, देतानाचा फोटो काढला. पुढच्याच महिन्यात एका शाळेत ‘सायकल आणि सुरक्षितता’ या विषयावर त्यांचं व्याख्यान झालं. शाल मिळाली.

गळ्यात हात बांधलेली निकिता एका दुपारी चालत दुकानात आली. अकोल्याची चाचणी होऊन गेली होती. तिने घमेल्यातल्या पाण्यात बोट फिरवलं.

“गुरुवारी पाहुणे येऊन राह्यले काका.”

“हो का?”

“तुमाले माहीत होतं ना? तेलाचं?”

“होतं.”

“मंग सरांच्या हातातून कुप्पी काहून नाही हिसकली?”

“म्या सांगतलं होतं ना व माय.”

“एकडाव सांगतलं. मंग रुसून च्या प्याले गेले.” तिचा आवाज वाढला नाही. “सरायले समजतच नव्हतं, त्यायचं जाऊ द्या. तुमाले समजत होतं. मले एक थापड मारून खाली बसवलं असतं तं आज मी पुण्यात असती.”

ती गेल्यावर धनराजने मला उचललं, पुसलं आणि परत तिथेच ठेवलं. मी त्याच्यावर रागावू शकत नाही. तो निदान एकदा बोलला होता. मी तर टक् टक् करत होते.

मित्रांनो, मनोगताच्या शेवटी वस्तू विनंती करते की मला जपा, अडगळीत टाकू नका. मला खुशाल टाका. पण तुम्हांला एखादी गोष्ट खरोखर माहीत असेल आणि कोणी तरी तिच्या उलट करत असेल, तर एकदा सांगून पाठ फिरवू नका. दुसऱ्यांदा सांगा, हसतील. तिसऱ्यांदा सांगा, गटातून काढतील. तरीही चौथ्यांदा हात धरा. तुमचा अपमान होईल, तो आठ दिवसांत बुजतो. आणि एखादी वस्तू ओरडत असेल तर तिला गप्प करण्याआधी ती काय म्हणते ते कोणाला तरी विचारा. मला विचारू नका.

आज गुरुवार आहे. मघाशी दुकानापुढे एक पांढरी गाडी थांबली. काच खाली झाली. “भाऊ, बबनरावचं घर कोणीकडं पडते?”

धनराज उठला. मी श्वास रोखला, म्हणजे कुप्पीला जेवढा रोखता येतो तेवढा. मला वाटलं, आता बोलेल. निदान म्हणेल, पोरीला शर्यतीत जायचं आहे, परत कधी तरी या.

त्याने डावीकडचा रस्ता दाखवला. गाडीला वळायला जागा कमी पडत होती, म्हणून दुकानापुढे उलटी ठेवलेली सायकलही त्याने उचलून बाजूला घेतली.