लख्ख चकत्या

कारखान्यात चकत्या घासणाऱ्या मामांना आपल्या जावयाचा संशय होता, आणि मामांचा संशय एकदा चिकटला की सुटायचं नाव नाही. जावई त्यांच्याच वशिल्याने लागलेला, पावडर मिसळायच्या खोलीत. खास मागवलेल्या सिरॅमिक पावडरीत थोडी निकेलची पूड घालून, दाबून, भाजून या चकत्या होत. चांगली चकती वीज वाहू देत नाही आणि अंगावर आलेल्या रेडिओ लहरी मुकाट गिळते. निकेल जास्त झालं की वीज वाहते, लहरी उलट फिरतात, चकती बाद. गेल्या तीन खेपा अशाच बाद झाल्या होत्या.

महागडी पावडर हा पठ्ठ्या लंपास करतो आणि वजन निकेलने भरून काढतो, असं मामांनी ठरवूनच टाकलं. नाहीतर दार लावून मोजतो कशाला? वाऱ्याने पूड उडते म्हणून, हे कुणालाही कळलं असतं, मामांना नाही. एकदा गुपचूप जाऊन त्यांनी निकेलचा डबा तोलला. वजन चोख. म्हणजे तर नक्कीच पाणी मुरतंय, प्रामाणिक माणूस इतका चोख असतो होय!

स्वतःच्या कामावर मात्र ठपका नको म्हणून, जावई लागला तेव्हापासूनच ते प्रत्येक चकती दुप्पट घासत, अगदी लख्ख करत.

शेवटी ते तपासणीच्या मॅडमपुढे सगळं ओकून मोकळे झाले. मॅडमनी जावयाला बोलावलं. "पावडर चोरल्याची तक्रार आहे. खरी निघाली तर नोकरी आजच जाईल."

जावयाचा चेहरा पांढराफटक पडला. मामांना बरं वाटलं.

मॅडमनी मीटरच्या दोन सुया बाद चकतीच्या लख्ख अंगावर टेकवल्या. वीज वाहत होती. मग चकती मोडून त्याच सुया मोडलेल्या बाजूवर टेकवल्या. काटा ढिम्म हलेना. दुसऱ्या चकतीचंही तेच.

"मिश्रण बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "निकेल मऊ असतं, फार घासलं की वरच्यावर पसरतं. वीज त्या थरातून जातेय. मामा, इतकं घासायला कुणी सांगितलं होतं?"

कुणीच नव्हतं. मामांच्या तोंडचं पाणी पळालं.

"त्यांना बोलू नका, मॅडम," जावई म्हणाला. "मन लावून करतात ते. तक्रार कुणाची होती, तेवढं सांगा."

मॅडमनी मामांकडे पाहिलं. मामांना इतकी लाज वाटली की मान वर होईना.

"माझी," ते म्हणाले.

जावयाने मोडलेली चकती उचलून बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाला, "घरी बोलू नका हे. मी तुमच्या लेकीला सांगितलंय, तुम्ही आता माझ्याशी बरं वागता म्हणून."