इस्पिकचा एक्का कुंदाबाईकडे होता

भाविकाने सगळ्यांचे मोबाइल वांग्यांच्या रिकाम्या टोपलीत गोळा केले, टोपली विहिरीपासून लांब नेऊन केळीच्या झाडाखाली ठेवली आणि आजचा दिवस कुटुंबाचा, असं जाहीर केलं. भाविका आमची सून. पुण्याच्या एका कंपनीत इतर लोक वेळेवर काम करतात की नाही, हे बघणं हे तिचं काम. त्यामुळे तिने दिवसाचा कागदही करून आणला होता. अकरा ते एक पत्ते, एक ते अडीच भरीत-पुरी, अडीच ते चार पुन्हा पत्ते. विश्रांतीची सोय कागदावर नव्हती.

जागा म्हणजे चोपड्याजवळचं रतिलालचं शेत. रतिलाल माझा शालक. थंडी पडली की तो आम्हाला धुळ्याहून भरताला बोलावतो आणि आम्ही पंधरा-वीस जण जातो. यंदा भाविकाच्या सांगण्यावरून फक्त घरचे होतो. मी, बायको कुंदाबाई, मुलगा हितेंद्र आणि ती. गर्दीत नाती घट्ट होत नाहीत, असं तिने कुठेतरी वाचलं होतं.

नाती घट्ट व्हायला सुरुवात गाडीतच झाली. तापीच्या पुलावर हितेंद्र आरशात माझ्याकडे बघत म्हणाला, "आबा, गुडघा कसा आहे आता?"

गुडघ्याला काय झालं, असं मी विचारलं. त्यावर तो म्हणाला की ऑगस्टमध्ये पारोळा रोडला स्कूटरवरून पडला होतात ना, त्या गुडघ्याबद्दल विचारतोय.

ही गोष्ट मला, कुंदाबाईला आणि आडव्या आलेल्या कुत्र्याला अशी तिघांनाच माहीत होती. कुत्र्याने सांगितलं असेल असं मला वाटत नाही. मी कुंदाबाईकडे पाहिलं. ती खिडकीतून तापीचं पाणी किती आहे ते बघत होती.

माझी स्कूटर छत्तीस वर्षांची आहे. सुरू करण्याआधी तिला एका बाजूला तिरकी करावी लागते, मग दोनदा किक मारावी लागते, मग जरा वेळ तिच्याशी गोड बोलावं लागतं. मी मोजणी खात्यात नोकरी केली. भावाभावांच्या शेतात साखळी ओढत साक्री, शिरपूर, शिंदखेडा पालथं घातलं ते हिच्यावरून. आता मी एकाहत्तरचा आहे. सकाळी तिच्यावरून पांझरेच्या पुलापर्यंत जातो, चहा पितो, चार लोकांना नावं ठेवतो आणि परत येतो. एवढंच माझं राज्य.

शेतात पोचेपर्यंत हितेंद्रने विषय पुरता मांडला. या वयात स्कूटर नको. रिक्षा आहेत, तो फोनवरून गाडीही मागवून देईल. मी सांगितलं की चहा प्यायला जाणाऱ्या माणसाने मागवलेल्या गाडीतून उतरणं बरं दिसत नाही. तो चिडला नाही. पुण्याला गेल्यापासून तो चिडत नाही, समजावून सांगतो. चिडलेला मुलगा परवडतो.

शेवटी मीच म्हणालो, "तुमच्या कागदावर पत्ते आहेत ना? मेंढीकोट खेळू. तीन डाव. मी आणि तुझी आई एकीकडे, तुम्ही दोघं एकीकडे. हरलो तर किल्ली तुझी. जिंकलो तर स्कूटरचं नाव परत काढायचं नाही."

हितेंद्रने भाविकाकडे पाहिलं, भाविकाने कुंदाबाईकडे. कुंदाबाई म्हणाली, खेळा.

मी हे उगाच बोललो नव्हतो. मेंढीकोटात चौघे बसतात, समोरासमोरचे दोघे भिडू, शेजारचे विरुद्ध बाजूचे. चार दश्श्यांना मेंढ्या म्हणतात. ज्यांच्याकडे जास्त मेंढ्या, ते जिंकले. दोन-दोन झाल्या तर हात मोजायचे. आणि या खेळात मला आणि कुंदाबाईला चाळीस वर्षांत कोणी हरवलेलं नाही. यात हुशारीचा भाग थोडा होता. बाकी खुणा होत्या.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, धुळ्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये मीच तिला त्या शिकवल्या. बांगड्या मागे सारल्या की किलवर. नाकाच्या चमकीला बोट लावलं की चौकट. कपाळावरचे केस मागे घेतले की बदाम. पदर सावरला की इस्पिक. खूण एकदा केली की त्या रंगाचा एक्का तिच्याकडे, दोनदा केली की राजा. बाई माणूस बांगड्या सारणार, पदर सावरणार, त्यात संशय कोण घेणार? आमचे शेजारी सुकदेव बापू यांनी तीन वेळा पत्त्यांचा जोड बदलून पाहिला. एकदा तर आमच्या मागचा आरसा उतरवायला लावला. बिचारे रिटायर होऊन गावी गेले, पण उकल झाली नाही.

पुढे या खुणा पत्त्यांच्या बाहेरही आल्या. लग्नात जेवण झालं की कुंदाबाई दूर बायकांत बसल्या बसल्या कानाच्या पाळीला हात लावायची. म्हणजे उठा, निघू या. मी लगेच उठायचो. लोकांना वाटायचं की या माणसाला वेळेची फार शिस्त. आमचं लग्न नीट चाललं त्याचं कारण कोणी विचारलं असतं, तर मी या खुणाच सांगितल्या असत्या. म्हणजे सांगितल्या नसत्याच. नोकरीत सख्ख्या भावाने रात्रीतून सरकवलेले इतके बांध मी पाहिले होते, की शब्दावर विश्वास ठेवायची सवय सुटली होती. कुंदाबाईचा पदर मात्र कधी खोटं बोलला नाही.

कडुनिंबाखाली सतरंजी टाकली. पलीकडे रतिलालने कपाशीच्या काड्या पेटवून त्यात हिरवी, हातभर लांब वांगी टाकली होती. धूर आमच्याकडे येत होता, तरी कुटुंबाचा दिवस असल्याने कोणी तक्रार केली नाही.

पहिला डाव आम्ही तीन मेंढ्यांनी जिंकला. हितेंद्रचा चेहरा पडला नाही, याचं मला तेव्हाच आश्चर्य वाटायला हवं होतं. दुसरा डाव गेला. पानंच वाईट होती, कुंदाबाईने एकदाही बांगडीला हात लावला नाही. तिसऱ्या डावाला रतिलालही वांगी उलटायची सोडून मागे येऊन उभा राहिला.

हुकूम बदाम. किलवरची आणि चौकटची मेंढी आमच्याकडे आली. बदामची त्यांनी नेली. हातात चार-चार पानं राहिली आणि राहिलेली एकच मेंढी, इस्पिकची, माझ्या हातात होती. पान टाकायची पाळीही माझीच. ती मेंढी आमच्याकडे आली की तीन-एक, स्कूटर वाचली. त्यांच्याकडे गेली की दोन-दोन, आणि हात त्यांचे जास्त होते.

एरवी मेंढी कोणी अशी उघड्यावर सोडत नाही. पण मी कुंदाबाईकडे पाहिलं. ती पत्त्यांकडेच बघत होती. मग तिने पदर सावरला. एकदा. नीट, खांद्यावर दाबून.

मी इस्पिकची दश्शी टाकली, ती टाकताना जरा हसलोही.

भाविकाने राणी टाकली. हरकत नव्हती, वर एक्का येणार होता.

कुंदाबाईने दुर्री टाकली.

हितेंद्रने सत्ती टाकली. भाविकाने चारही पानं ओढून घेतली आणि गुडघ्याखाली ठेवली. रतिलाल पुन्हा वांग्यांकडे गेला.

माणसाची चूक होते. साठी ओलांडल्यावर पान ओळखता येत नाही. उन्हाची तिरीप असेल, चष्मा पुसला नसेल, असं मी उरलेल्या तीन हातांत मनाशी बरंच काही जुळवून पाहिलं. कदाचित एक्का नसेलच तिच्याकडे, पदर खरंच घसरला असेल. चाळीस वर्षांत एकदा पदर घसरायला काय हरकत आहे?

शेवटचा हात आला. कुंदाबाईने तिचं शेवटचं पान सतरंजीवर ठेवलं. इस्पिकचा एक्का. तिने तो टाकला नाही, ठेवला. माझ्याकडे तोंड करून.

म्हणजे खूण खरी होती. खोटी असती तर मी समजू शकलो असतो. तिने मला खरं सांगितलं, मी त्यावर विश्वास ठेवला, आणि मग तिने एक्का हातात धरून दुर्री टाकली.

मी जुडग्यातून किल्ली काढायला लागलो. कडी घट्ट होती, नख गेलं. कोणी मदत केली नाही, ते एक बरं केलं. हितेंद्रकडे किल्ली दिली, तर त्याने ती आईच्या हातात ठेवली. ठरल्यासारखी. तिने ती पदराच्या टोकाला बांधली.

"मला आधी सांगायचं होतंस," मी म्हणालो.

"सांगितलं होतं. तीनदा," कुंदाबाई म्हणाली. मग बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून ती माहेरच्या बोलीत, खाली मान घालून म्हणाली, "तुम्ही गाडी लिसन गयात का मन्हा जीव घरमा ऱ्हात नही."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे बरंच होतं. उदाहरणार्थ, जीव घरात राहत नसेल तर तिनेही पुलापर्यंत यावं, मागची सीट छत्तीस वर्षं तिचीच आहे. पण रतिलालने हाक मारली. "दाजी, बठ्ठं तयार शे. भरीत थंड होई जाई."

भरीत उत्तम झालं होतं. हे मला मुद्दाम लिहायला हवं, कारण त्यात रतिलालचा दोष नव्हता. ठेचलेली मिरची, कांद्याची पात, वरून शेंगदाणे आणि गरम पुऱ्या. मी नेहमीच्या मानाने दोन पुऱ्या कमी खाल्ल्या. कोणाच्या लक्षात आलं नाही. कुंदाबाईच्या आलं असावं, कारण तिने न विचारता एक माझ्या ताटात टाकली. मी ती ठेवून दिली.

हितेंद्र पाचव्या की सहाव्या पुरीवर होता. अडीच वाजत आले होते. समोर बसलेल्या भाविकाने त्याच्याकडे पाहिलं आणि सहज, कानातला डूल नीट करावा तसा, कानाच्या पाळीला हात लावला. हितेंद्रने हातातली पुरी ठेवली आणि तो उठला.

मी ताटाकडे बघत राहिलो. मग सुनेला विचारलं की हे कुठे शिकलीस. भाविका मोकळी मुलगी आहे, तिने काही लपवलं नाही.

"आईंनीच शिकवलं, आबा. मागच्या दिवाळीत. सगळ्याच खुणा. ऑफिसच्या पार्ट्यांतून याला उठवायला फार उपयोगी पडतात."

सगळ्याच. म्हणजे आज सकाळी सतरंजीवर आमच्या दोघांचं जे गुपित चाललं होतं, ते चौघांत चाललं होतं. आणि पहिला डाव मी जिंकलो होतो की मला जिंकू दिला होता, हे आता कळायला मार्ग नव्हता. सुकदेव बापूंनी आरसा उतरवायला लावला होता. त्यांनी नुसतं कुंदाबाईला विचारायला हवं होतं.

कागदाप्रमाणे अडीच वाजता पुन्हा पत्ते. भाविका पानं पिसू लागली. हितेंद्र त्याच्या जागी बसला. कुंदाबाई तिच्या जागी बसली आणि समोरची जागा तिने हाताने झाडली. तिथे कडुनिंबाची पानं पडली होती.

मी तिथे बसलो नाही. हितेंद्रला म्हणालो, तू जरा आईच्या समोर सरक. आणि मी तिच्या शेजारी बसलो.

कुंदाबाईने वळून माझ्याकडे पाहिलं. शेजारून तिचे हात दिसत होते, चमकी दिसत होती, पण समोरून दिसतं तसं काहीच दिसत नव्हतं. तिने पदर सावरला. किल्ली वाजली. कशाची खूण होती, मी पाहिलं नाही.

भाविकाला मात्र फार आनंद झाला. ती उठून केळीच्या झाडाखालच्या टोपलीतून आपला मोबाइल घेऊन आली. नियम तिचाच होता, त्यामुळे मोडायचा अधिकारही तिचाच. अजून जवळ बसा, म्हणाली. आम्ही बसलो. तिने फोटो काढला आणि तिथल्या तिथे नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. आई-आबा, चाळीस वर्षांनंतरही शेजारी शेजारी. संध्याकाळपर्यंत त्याखाली बावीस लाल बदाम आले होते.

मेंढीकोटात शेजारी बसणारा कोण असतो, हे त्या बावीस जणांपैकी कोणाच्या लक्षात आलं नाही. कुंदाबाईच्या तेव्हाच आलं होतं. तिने पानं उचलली, माझ्यापासून आड धरली आणि म्हणाली, "टाका. पाळी तुमची शे."