पुढची पाटी, मागची पाटी

आपण कोण आहोत हे गावाला नीटसं कळलेलं नाही, असं आर्मांड लेटुर्नोला वाटायला लागलं ते ऑगस्टमधल्या बीन्सच्या जेवणापासून. एलरी फॉल्स गावातल्या फायर स्टेशनमागे खड्डा खणायचा, निखाऱ्यांवर लोखंडी हंडे पुरायचे आणि रात्रभर बीन्स शिजू द्यायचे, हे काम कित्येक वर्षं त्याच्याकडे होतं. त्या दिवशी हंड्याचं झाकण उघडून, वाफेत तोंड घालून तो मोठ्या ऐटीत उभा होता. तेवढ्यात उन्हाळ्यापुरत्या तळ्यावर राहायला आलेल्या एक बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "अहो, जरा नॅपकिन आणून देता का? आणि हे बीन्स कुणी केलेत हो? काय सुरेख झालेत!"

आर्मांडने मुकाट्याने नॅपकिन आणून दिले. बीन्स मीच केलेत, हे सांगायचं राहूनच गेलं. घरी आल्यावर मात्र त्याला एकाहून एक झकास उत्तरं सुचत राहिली आणि ती त्याने फ्रिजला ऐकवली. सहासष्टाव्या वर्षी माणसाने एवढं मनाला लावून घ्यावं का? घेऊ नये. पण त्याने घेतलं.

त्यातूनच ती पाटीची कल्पना निघाली. गाडीला नुसता नंबर न घेता आपल्या पसंतीची अक्षरं घ्यायची. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात हे वेड घरोघरी आहे. गावातल्या दंतवैद्याच्या पाटीवर 'दाढ' आहे, कोंबड्यावाल्याच्या पाटीवर 'कोंबडी' आहे, मग मीच काय घोडं मारलंय, असं म्हणून तो टाउन हॉलमध्ये गेला.

टाउन हॉलच्या एकुलत्या एका खिडकीमागे ओडील प्रॅट बसायची. गाडीची नोंदणी, कुत्र्याचा परवाना, लग्नाचा परवाना, सगळं तिच्याच हातून जायचं. आर्मांडचा अर्ज तिने चष्मा चढवून वाचायला घेतला, तोही मोठ्याने. मागे कुत्र्यांचे परवाने घ्यायला आलेल्यांची रांग उभी होती.

"पहिली पसंती, बीनकिंग." ओडीलने चष्म्यावरून पाहिलं. "राजा? कधीपासून रे?"

"हळू वाच ना गं."

"अर्थ काय तेही लिहावं लागतं, ते लिहिलंयस वाटतं. 'अर्जदार बीन्सच्या बाबतीत पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे.' अगं बाई!"

"खाल्ल्यावर रात्री काय होतं तेही लिही म्हणावं," रांगेतून कुणीतरी म्हणालं, आणि रांगेतली कुत्रीसुद्धा भुंकायला लागली.

ओडीलने संगणकात पाहिलं. "राजाची गादी गेली रे, आर्मांड. दक्षिणेकडे कुणीतरी आधीच बसलाय. दुसरी पसंती बीनमॅन, ती मोकळी आहे."

"चालेल, चालेल. देऊन टाक," आर्मांड कान लाल करून म्हणाला.

पाट्या आल्या तेव्हा बर्फ पडायला लागलं होतं. या राज्यात पाट्या दोन मिळतात, एक पुढे, एक मागे. आर्मांडला हे दुप्पट भाग्य वाटलं. बोटं गारठेपर्यंत त्याने त्या आपल्या पिकअपला ठोकल्या, चार पावलं मागे जाऊन पाहिल्या, पुन्हा पुढे येऊन बाहीने पुसल्या. पहिल्याच फेरीत दोघातिघांनी हॉर्न वाजवला. पेट्रोल पंपावरची पोरगी म्हणाली, "ओ बीनमॅन, टाकी फुल्ल करू?" तो दिवसभर असा छाती काढून हिंडला की, स्वतःकडे पाहून त्याचं त्यालाच हसू यायला हवं होतं. ते आलं, पण चार दिवसांनी.

चौथ्या दिवशी गुरुवार होता.

दर गुरुवारी दुपारी आर्मांड विनिफ्रेड सॉटेलकडे जायचा. विनिफ्रेड पोस्टातून निवृत्त झालेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, नदीपलीकडच्या पिवळ्या घरात एकटी राहणारी. आर्मांडची बायको यव्हेट जाऊन चार वर्षं झाली होती. विनिफ्रेड आणि तो पत्ते खेळत, सूप पीत, बातम्यांवर भांडत, आणि निघायच्या वेळी ती त्याच्या कोटाची वरची गुंडी लावून द्यायची. त्या गुंडीसाठी तो आठवडाभर जगायचा, खरं सांगायचं तर. पण हे कुणाला कळू द्यायची त्याची छाती नव्हती. यव्हेटची बहीण क्लॉडेट अजून दर रविवारी त्याच्याकडे डबा घेऊन यायची आणि यव्हेटच्या फोटोवरची धूळ पुसून जायची. तिला काय वाटेल, याचीच त्याला धास्ती होती. म्हणून तो पिकअप नाणी टाकून चालवायच्या मशीनच्या लॉन्ड्रीमागे लावायचा आणि तिथून गल्लीबोळातून चालत जायचा.

विनिफ्रेड एकदा म्हणाली होती, "आर्मांड, मी काय चोरीचा माल आहे का?" त्याने ते हसण्यावारी नेलं होतं.

तर त्या गुरुवारी त्याने नेहमीसारखी गाडी लॉन्ड्रीमागे लावली. पाटी रस्त्यावरून दिसत होती, म्हणून गाडी उलटी लावली. खाली उतरून पाहतो तर पुढची पाटी रस्त्याकडे तोंड करून हसतेय! सगळ्या जगाने आपल्याला ओळखावं म्हणून हौसेने पाटी घेतली, आणि आता कुणी ओळखू नये म्हणून गाडी पुढेमागे करतोय! आर्मांडला हसू आलं, त्याने स्वतःला एक सणसणीत शिवी दिली आणि कॉलर वर करून चालू लागला.

शुक्रवारी दुकानात पाव घेताना पहिला प्रश्न आला. "काय बीनमॅन, काल लॉन्ड्रीत होतास म्हणे?"

"हो, ते आमचं मशीन बिघडलंय," आर्मांडच्या तोंडून निघून गेलं.

मशीन ठणठणीत होतं.

पुढच्या गुरुवारी आणखी दोघांनी विचारलं. त्यांनाही मशीन बिघडल्याचं सांगावं लागलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी त्याने पाट्यांवर चिखल आणि बर्फ थापलं. पुलाजवळ पोलिसाने शिट्टी मारून थांबवलं. ड्वेन नावाचा गावातलाच पोलीस होता. "अहो, पाटी झाकणं गुन्हा आहे," म्हणत त्याने हातमोज्याने पाटी पुसली आणि एकदम खुलला. "अरेच्चा, बीनमॅन! तुम्ही होय! लॉन्ड्रीत निघालात ना? जा, जा. ते मशीनचं ऐकलं मी. फार वाईट झालं."

जणू घरात कुणी आजारी होतं.

शनिवारी सकाळी दारात ट्रक येऊन उभा राहिला. क्लॉडेट पुढे, आणि मागे अग्निशमन दलातले दोन धटिंगण कपडे धुवायचं मशीन उचलून आणतायत. गावात कुणाचं काही मोडलं की चार जण मिळून आणून देतात, न विचारता, आणि नको म्हणायची सोय नसते. आर्मांड दारात आडवा उभा राहिला.

"अगं क्लॉडेट, हे कशाला?"

"कशाला म्हणजे? माणसाने कडाक्याच्या थंडीत दर गुरुवारी लॉन्ड्रीत बसायचं का? सरक बाजूला. तळघरात ठेवा रे!"

"तळघरात नको!"

पण ते उतरलेसुद्धा. तळघरात आर्मांडचं जुनं मशीन गरगर फिरत होतं, त्याच्याच चड्ड्या आत घेऊन. तिघांनी मशीनकडे पाहिलं, मग आर्मांडकडे.

"आत्ताच... आपोआप सुरू झालं," आर्मांड म्हणाला.

"बरं झालं," क्लॉडेट शांतपणे म्हणाली. "आता दोन झाली. आता तर लॉन्ड्रीत जायला नको." आणि जिना चढून गेली. त्या दिवशी तिने फोटो पुसला नाही, हे आर्मांडच्या लक्षात आलं, पण त्याचा अर्थ लावायचं धाडस त्याला झालं नाही.

विनिफ्रेडला त्याने हा किस्सा फोनवर रंगवून सांगितला. ती हसली, खूप हसली. मग हसायची थांबली.

"म्हणजे तू गावाला सांगितलंस की मशीन बिघडलंय."

"मग काय सांगणार?"

"माझ्याकडे येतोस, हे सांगायचं सोडून तू चांगल्या मशीनला बदनाम केलंस. आर्मांड, काल दुकानात मला तुझ्या मेव्हणीने सरळ विचारलं, गुरुवारी आर्मांड कुठे असतो गं? आणि अंड्यांच्या ट्रेसमोर उभी राहून मी म्हटलं, मला काय माहीत. या वयात! तुझ्यासाठी खोटं बोलले मी. मला माझीच इतकी लाज वाटली की अंडी न घेताच घरी आले."

"विनी, ऐक ना..."

"ऐकलं खूप. गुरुवारी येऊ नकोस. त्याच्या पुढच्याही नको. लपवायचीच असेन तर मी माझ्या घरी बरी आहे."

फोन ठेवल्यावर घरात फक्त तळघरातल्या मशीनचा आवाज येत होता. आर्मांड खुर्चीत बसून राहिला. त्याला रडू आलं, आणि रडताना नाक पुसायला हाताशी रुमाल नव्हता, कारण रुमालही धुवायला टाकलेले. इतका मूर्ख माणूस या राज्यात दुसरा नसेल, असं त्याला वाटलं, आणि निदान या गादीवर तरी दक्षिणेकडे कुणी आधी बसला नसेल याचीही खात्री वाटली.

सोमवारी त्याने दोन्ही पाट्या काढल्या, काखेत मारल्या आणि बर्फ तुडवत चालत टाउन हॉल गाठला. खिडकीत त्या आपटून तो म्हणाला, "ओडील, या परत घे. मला साधा नंबर दे. कुणाच्या लक्षात राहणार नाही असा."

"का रे? हौस फिटली?"

"जिथे जाईन तिथे सगळ्यांना कळतं गं!"

ओडीलने पेन खाली ठेवलं. रांगेत कुणी नव्हतं, तरी या वेळी ती हळू बोलली. "आर्मांड, गावात लाकडी फळ्यांची, एका दिव्याची, खोकत चालणारी पिकअप एकच आहे. ती दोन हिवाळे लॉन्ड्रीमागे उभी असते. लॉन्ड्रीपासून विनिफ्रेडच्या मागच्या दारापर्यंत बर्फात तुझ्या बुटांचे ठसे असतात. तुला काय वाटलं, आम्ही आंधळे आहोत?"

"सगळ्यांना माहीत होतं?" आर्मांडने विचारलं.

"सगळ्यांना. तुला बोलायचं नाही तर नको, म्हणून आम्ही इकडे तिकडे बघायचो. पण तू त्याच गाडीवर हे एवढं मोठं नाव ठोकलंस. मग कुठे बघायचं माणसाने?"

"आणि क्लॉडेट?"

"तिलाच सगळ्यात आधी कळलं. मशीन का आणलं तिने, असं वाटतं तुला? तुझी सबब काढून घ्यायला. म्हणाली, माझी बहीण गेली, हा अजून जिवंत आहे, आणि याला ते कुणीतरी सांगायला हवं. मला सांगता येत नाही, म्हणाली, मला रडू येतं." ओडीलने पाट्या त्याच्याकडे सरकवल्या. "साधा नंबर देते हवा तर. पण तोही पाठ होईल आम्हाला आठवड्याभरात."

क्लॉडेट यव्हेटचा फोटो पुसत होती ती आपल्याला धाक घालायला, असंच आर्मांड चार वर्षं समजत होता. तिला आपली बहीण आठवत असेल, एवढी साधी गोष्ट या शहाण्याच्या डोक्यात आली नव्हती. मग त्याने पाट्या उचलल्या, घरी जाऊन पुन्हा ठोकल्या, दाढी केली, त्यात गाल कापून घेतला, आणि भर दुपारी, गुरुवार नसताना, पूल ओलांडून सरळ विनिफ्रेडच्या दारापुढे गाडी नेऊन लावली. तिच्या निळ्या गाडीच्या अगदी मागे, रस्त्यावरून जाणाऱ्या येणाऱ्याला धडधडीत दिसेल अशी.

दार उघडलं नाही. खिडकीतला पडदा हलला आणि पुन्हा पडला.

त्याने हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. शेजारचे म्हातारे फावडं घेऊन बाहेर आले, समोरच्या घरातल्या दोघी खिडकीत आल्या. आर्मांडने त्यांच्याकडे पाहून टोपी काढली. त्याला दरदरून घाम फुटला होता, एवढ्या थंडीत.

शेवटी विनिफ्रेड आली. कोट, टोपी, हातात पर्स. तिने त्याच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं.

"वाट अडवलीस माझी," ती म्हणाली. "मला अंडी आणायला जायचंय."

"मी... मी काढतो गाडी."

"काढ. नीट बाजूला लाव, इथेच. आणि माझ्या गाडीत बस."

तो पुढच्या सीटवर बसला. गुडघे डॅशबोर्डला टेकत होते. पूल गेला, पेट्रोल पंप गेला, लॉन्ड्री गेली. त्याला वाटलं होतं, सगळा गाव बघेल. पण कुणीच बघेना. विनिफ्रेडच्या गाडीसारख्या निळ्या गाड्या गावात ढिगाने होत्या, नंबर साधा, काचांवर वाफ. ड्वेन चौकात उभा होता, त्याने जाऊ दिलं, मानही वर केली नाही. पंपावरच्या पोरीने हात केला नाही. एवढा मनाचा हिय्या करून तो बाहेर पडला होता आणि कुणाला पत्ताच नव्हता.

विनिफ्रेड समोर बघत गाडी चालवत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आनंदही नव्हता. ती फक्त वाट बघत होती, हे त्याला कळलं. आणि ती आज वाट बघतेय, उद्या बघणार नाही, हेही कळलं.

दुकानाच्या दारात क्लॉडेट सामानाची ट्रॉली ढकलत बाहेर पडत होती. आर्मांडने काच खाली केली. थंडी सुरीसारखी आत शिरली. त्याने टोपी काढून अर्धं अंग बाहेर काढलं आणि फायर स्टेशनपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडला, "क्लॉडेट! अगं, इकडे! मी आहे, आर्मांड! विनिफ्रेडच्या गाडीत!"

क्लॉडेट थांबली. तिने हात वर केला, मग तोच हात डोळ्यांवर नेला.

"पुरे," विनिफ्रेड म्हणाली. तिने गाडी थांबवली, त्याला कॉलर धरून आत ओढलं आणि भर बाजारात, काच उघडी असताना, त्याच्या कोटाची वरची गुंडी लावायला घेतली. गुंडी भोकात जाईना. आर्मांड हनुवटी वर करून लहान पोरासारखा बसून राहिला. मागे गाड्या थांबल्या होत्या, त्यांनी हॉर्न वाजवले, आणि तिने अजिबात घाई केली नाही.